जुन्या कार्टूनला लॉजिक होतं म्हणे!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलंय की आजकालची कार्टून म्हणजे नुसता धिंगाणा, ना शेंडा ना बुडखा, आणि आपल्या वेळची सुपरहिरोची कार्टून बघा कशी संस्कार देणारी, डोकं लावून केलेली, त्यात प्रत्येक गोष्टीला काहीतरी लॉजिक होतं. साहेब, मी पण त्यांच्याच पिढीतला, दूरदर्शनवर ही-मॅन बघून मोठा झालेला, पण लॉजिक हा शब्द वाचला आणि मला राहवलं नाही. संस्काराचं तुमचं तुम्ही बघा. लॉजिकबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे.

त्यात झालंय असं की सध्या माझी उजळणी ताजी आहे. मे महिना, पारा ४३ च्या वर, दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नाही, म्हणून सहावीतल्या पुतण्याला म्हटलं ये बस, आमच्या वेळचं काय होतं ते दाखवतो तुला, मोबाइलवर सगळं मिळतंय आता. पोरगं शांत बसून बघेल असं वाटलं होतं. कसलं काय, दर दोन मिनिटाला "ओ काका, पण असं कसं?" आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नाही.

सुरुवात ही-मॅनपासूनच केली. १९८३ चं कार्टून, १३० भाग निघाले त्याचे. प्रिन्स ॲडम नावाचा राजपुत्र, तलवार वर करतो, मंत्र म्हणतो आणि ही-मॅन होतो. होतो म्हणजे काय होतो? शर्ट जातो आणि अंग जरा उन्हात रापल्यासारखं दिसायला लागतं. बस्स. तोच चेहरा, तेच पिवळे केस, तोच कपाळावरचा कट, तेच दंड, ते तर आधीपण तेवढेच होते. चष्मा नाही, मिशी नाही, मास्क नाही. आणि अख्ख्या राजवाड्यात कुणाला पत्ता नाही की हे दोघं एकच! बाप ओळखत नाही, सिंहासनावर बसून पोरगं आळशी निघालं म्हणून हळहळतो. आईला शंका आहे असं एकदोन ठिकाणी दाखवलंय, आई ती आईच. पण सगळ्यात कहर म्हणजे टीला. ही बाई राजाच्या पहारेकऱ्यांची कॅप्टन, राजपुत्राला सांभाळणं हे तिचं काम, रोज त्याच्यासोबत असते आणि तिला कळत नाही. आमच्या गल्लीत पोरगं नुसतं दाढी करून आलं तरी कोपऱ्यावरची आजी लांबून ओळखून "कुठं निघाला बे सजून" म्हणून विचारते, आणि इथं अख्ख्या राज्याच्या सिक्युरिटीला शर्ट काढलेला माणूस ओळखता येईना.

आपला शक्तिमान १९९७ चा, त्याला लोक हसतात, पण गंगाधरनं निदान कष्ट तरी घेतले होते की. जाड चष्मा, पुढं आलेले दात, केसाला तेल, बोलणं वेगळं. वेषांतर कसं करावं हे ॲडमनं मुंबईला येऊन शिकून जायला पाहिजे होतं.

मग पुतण्याचं लक्ष स्केलेटरकडे गेलं. हा व्हिलन, तोंडाच्या जागी नुसती कवटी, खाली मात्र पैलवानाचं शरीर. पोरगं म्हणालं काका, ह्याला ओठच नाहीत, मग हा प फ ब भ म कसा बोलतो, आम्हाला शाळेत शिकवलंय ते ओष्ठ्य वर्ण असतात, ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. मी गप्प. एवढी वर्षं बघितलं, माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं बघा. अन स्केलेटर तर रागाच्या भरात शिव्या घालणार, त्याच्या हाताखालच्या लोकांना मूर्ख, बावळट, बिनडोक काय काय म्हणणार, आणि मराठीत डब केलं असतं तर एक शिवी धड निघाली नसती त्याच्या तोंडातून.

तलवारीचं पण तेच. पोस्टरवर तलवार, टायटलमध्ये तलवार, दर भागात तलवार वर करून आरोळी, पण त्या तलवारीनं माणूस कापताना मी तरी बघितला नाही. हा ही-मॅन बाबा समोरच्याला नुसता उचलतो आणि चिखलात टाकतो. विषय संपला. मग एवढी धार कशाला लावलीय?

आता ह्याचं खरं कारण फार सरळ आहे, आणि त्या गृहस्थांना तेच सांगायचंय. खेळणी आधी आली. मॅटेल कंपनीनं ही-मॅनचे बाहुले १९८२ ला बाजारात आणले, कार्टून त्यांच्या मागून आलं. म्हणून दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नवा पाहुणा टपकतो, कुणाचा हात मोठा, कुणाचं डोकं फिरतंय, कुणाला तीन तोंडं, गोष्टीत त्याचं काही काम नसतं, दुकानात असतं. ती बॅटल कॅट, हिरव्या रंगाचा वाघ, ज्याच्यावर ही-मॅन बसून फिरतो, तो एवढा अवाढव्य का? तर कंपनीकडे दुसऱ्या एका जुन्या खेळण्याचा वाघ पडून होता, तो ह्या बाहुल्यांच्या मानानं फारच मोठा होत होता, मग काय, रंग मारला, वरून खोगीर चढवलं आणि झालं वाहन तयार. पडून असलेला माल कसा खपवायचा हे आम्हा सोलापूरच्या धंदेवाल्यांना शिकवायला नको, त्यामुळे ज्याला हे सुचलं त्या माणसाबद्दल मला तर आदरच वाटला. पण ह्याला संस्कार म्हणू नका ओ.

आता मुख्य विषयाकडे येतो, तो म्हणजे पाणी.

सुपर फ्रेंड्स म्हणून एक कार्टून होतं, हॅना-बार्बेरा कंपनीचं, १९७३ ला चालू झालं. सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन, वंडर वुमन, ॲक्वामॅन सगळे एका ऑफिसात. त्यात १९७७ ला दोन जुळी भावंडं आली, झॅन आणि जेना, परग्रहावरची. दोघांनी मुठीला मूठ लावली की पॉवर चालू होते. जेना कुठलाही प्राणी होऊ शकते. हत्ती हो, गरुड हो, काय वाटेल ते हो. आणि भाऊ काय होतो? पाणी. पाणी, बर्फ, वाफ, एवढंच. वाटणीच बघा कशी केलीय. आणि हा पाणी झाल्यावर त्याला घटनास्थळी न्यायचं कसं, तर त्यांच्याकडे ग्लीक नावाचं एक माकड आहे, ते बादली धरतं, बादलीत भाऊ, आणि वर गरुड झालेली बहीण माकडाला उचलून उडत चाललीय! जगावर संकट आलंय आणि मदतीला काय येतंय तर एक बादली पाणी.

जगातल्या लोकांनी हे बघून सोडून दिलं असेल. सोलापूरच्या माणसानं सोडून देणं शक्य नाही. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, ते पण रात्री कधी अडीच-तीनला, त्यामुळे किती पाण्यात काय भागतं ह्याचा हिशोब इथल्या बारक्या पोराला पण तोंडपाठ. पुतण्यानं लगेच गणित मांडलं. काका, हा पोरगा पन्नास किलोचा धरा, म्हणजे पाणी झाल्यावर पन्नास लिटर व्हायला पाहिजे, बादली जास्तीत जास्त वीस लिटरची, मग उरलेला तीस लिटर झॅन कुठं गेला? आणि माकड उडत असताना बादली हिंदकळली, दोन तांबे खाली सांडले, तर परत माणूस झाल्यावर ह्याचा एक कान गायब असणार का? उन्हात ठेवला तर संध्याकाळपर्यंत केवढा उरेल? कुणी चुकून पिऊन टाकला तर? मी म्हटलं बाळा, ह्या कार्टूनच्या लेखकाला हे प्रश्न पडले नाहीत कारण त्याच्या घरी चोवीस तास पाणी होतं.

खरं सांगतो, सगळ्या सुपरहिरोंमध्ये आपल्या शहराला ह्या एकट्याचाच उपयोग. सुपरमॅन येऊन काय करणार इथं? पण झॅन आला तर त्याला स्टेशनपासून हारतुरे घालत मिरवत आणतील, आणि पार्क चौकात पोचायच्या आधीच बायका घागरी घेऊन उभ्या, "दादा, आधी आमच्या टाकीत". परत माणूस व्हायची परवानगी कुणी देणार नाही त्याला.

ॲक्वामॅनची तर मला दया येते. हा माणूस समुद्राचा राजा, माशांना मनातल्या मनात हाक मारतो आणि मासे येतात. समुद्रात ठीक आहे. पण टीममध्ये सगळ्यांसोबत वाळवंटात, डोंगरात, अंतराळात जायचं आणि तिथं उभं राहायचं, ह्याला काय अर्थ आहे? सोलापूरला पोस्टिंग मिळालं तर कंबर तलावाच्या कट्ट्यावर बसून राहावं लागेल, नाहीतर उजनीला जावं लागेल, तिथं चिलापी मुबलक आहे, हाक मारली तर येईल, पण आली तर लोक भाव विचारतील. बाकी सुपरमॅन एकटा डोंगर उचलू शकतो, डोळ्यातून आग काढतो, पापणी लवायच्या आत कुठंही पोचतो, तरी हे लोक दर वेळी मीटिंग घेऊन कामं वाटून घेतात. बॅटमॅन बिचारा गाडी काढून निघतो. मला तर ते सगळं सुपरमॅनचं मन राखण्यासाठी, आपलं, बाकीच्यांचं मन राखण्यासाठी चाललंय असंच वाटतं.

वंडर वुमनचं विमान अदृश्य आहे. विमान दिसत नाही, पण ती आत बसलेली स्पष्ट दिसते, हवेत खुर्चीत बसल्याच्या पोजमध्ये. मग लपलं काय त्यात? शत्रूला नेम धरायला उलट सोपं. आणि पार्क केल्यावर परत सापडतं कसं हे कुणी दाखवत नाही. आमच्याकडे विमानाला अडथळा होतो म्हणून होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, त्यावरून केवढा वाद झाला तुम्ही छापलाच आहे. ह्या बाईच्या विमानाला परवानगी द्यायची वेळ आली असती तर इन्स्पेक्शनलाच वर्ष गेलं असतं, कारण कागदावर विमान आहे आणि धावपट्टीवर नाही.

ह्या मंडळींचं हेडक्वार्टर, हॉल ऑफ जस्टिस, ते मात्र खरोखरचं आहे हां. अमेरिकेत सिनसिनाटी शहराचं रेल्वे स्टेशन आहे, १९३३ ला उघडलेलं, त्याच्यावरून चित्र काढलंय. म्हणजे जगाचे रक्षणकर्ते एका स्टेशनात बसतात. १९७८ ला त्यांच्याविरुद्ध तेरा व्हिलन एकत्र आणले, लीजन ऑफ डूम, त्यांचं ऑफिस दलदलीत. सगळ्या जगाला माहितीय दलदलीत आहे, तरी दिवसा जाऊन कुणी धाड टाकत नाही. प्रत्येक भागात तेराच्या तेरा सापडतात, सुपरहिरो त्यांना घेरतात, कमरेवर हात ठेवून उभे राहतात, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात व्हिलन कुठलंतरी बटण दाबून निसटतात. दर वेळी! आणि हे नुसते बघतात, "परत भेटूच" म्हणतात. पुतण्या म्हणाला काका, ह्यांना आधी खिसे तपासायला काय होतंय?

ह्यात मारामारी का नाही ह्याचंही कारण आहे. अमेरिकेत १९६८ साली काही आयांनी मिळून एक संघटना काढली, मुलांच्या टीव्हीवर एवढ्या हाणामाऱ्या कशाला म्हणून, आणि चॅनेलवाले घाबरले. मग जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आणायचा पण त्यानं कुणाला गुच्ची मारायची नाही अशी अट. त्यामुळे पहिल्या सीझनला बरेच व्हिलन मुळात वाईट नसतातच, कुणीतरी शास्त्रज्ञ, हेतू चांगला पण रस्ता चुकलेला, आणि सुपरमॅन त्याला बसवून समजावतो. शिवाय वेंडी आणि मार्विन नावाची दोन साधी पोरं आणि एक कुत्रा ऑफिसात असायचा. पोरांना पॉवर काही नाही. कुत्र्याला पण नाही, पण कुत्र्याला केप होता.

केपवरून आठवलं. सुपरमॅनचा केप अंतराळात पण फडफडतो, तिथं वारा कुठून येतो देव जाणे. आम्ही लहानपणी टॉवेल बांधायचो गळ्याला, चादर बांधायचो नाही, कारण सोलापुरी चादर गळ्यात बांधून बघा एकदा, फडफडणं सोडा, पोरगंच मागं ओढलं जातंय.

ह्या सुपरमॅनचं पहिलं कार्टून १९४१ चं, फ्लायशर बंधूंचं, आणि ते मात्र खरंच देखणं आहे, पैसा ओतून केलेलं, आज बघितलं तरी डोळे निवतात. पण उडण्यामागचं लॉजिक काय होतं माहितीय का? कॉमिक्समध्ये तो आधी उडत नव्हताच, उड्या मारायचा, लांब लांब. कार्टून करायला बसल्यावर त्या उड्या बघायला खुळचट दिसायला लागल्या, म्हणून त्याला सरळ उडवला. आज अख्खं जग ज्याला उडणारा माणूस म्हणून ओळखतं तो दिसायला बरं दिसावं म्हणून उडतो! त्यातल्या दुसऱ्या नंबरच्या कार्टूनमध्ये तो फोन बूथमध्ये जाऊन कपडे बदलतो. गुपित लपवायचंय आणि जागा निवडली फोन बूथ, रस्त्यावर सगळ्यांच्या समोर. आपल्या पिवळ्या एसटीडी बूथमध्ये गेला असता तर बाहेरच्या काकांनी आधी विचारलं असतं, लोकल का एसटीडी, आणि फोन न लावता कपडे बदलून बाहेर आला म्हणून पाच रुपये तरी घेतलेच असते.

आता स्पायडरमॅन, १९६७ चा. तरुण पोरांनी कार्टून बघितलं नसलं तरी दोन स्पायडरमॅन एकमेकांकडे बोट दाखवतात तो फोटो व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी बघितलाय, निवडणुकीच्या टायमाला तर दिवसातून दहा वेळा येतो, तो ह्याच कार्टूनमधला. ह्यात तो जाळं वर फेकतो आणि झोके घेत जातो. जाळं चिकटतं कशाला? वर बघा, निळं आकाश. इमारती खाली राहिल्या, जाळं ढगाला. आणि झोका दर वेळी तोच, तेच हात, तेच पाय, मागच्या इमारती पण त्याच. मी टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन बघतो, त्यामुळे माझी नजर तिथंच जाते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, आम्ही एकदा नक्षी बसवली की तीच पुढं पुढं येत राहते, त्याला आम्ही रिपीट म्हणतो, आणि चांगलं रिपीट तेच जे कुठं जोडलंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ह्यांचं जोड सरळ दिसतं. एक पाण्याची टाकी असते गच्चीवर, ती मी मोजायला लागलो, एका झोक्यात ती परत परत येते, म्हणजे स्पायडरमॅन एकाच गल्लीत फिरतोय आणि गुन्हेगार तिकडं निवांत.

त्याच्या ड्रेसवर पण बघा, जाळ्याच्या रेघा फक्त मास्कवर, हातमोज्यावर आणि बुटावर, बाकी अंग कोरं. कारण प्रत्येक चित्रात त्या रेघा कुणीतरी हातानं काढायच्या. फिल्म म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम, त्यात रेघा वाढवल्या की मजुरी वाढली. पहिली कंपनी बुडाली, मग दुसऱ्यांनी हातात घेतलं, आणि पैसा एवढा तंग की एका भागात तर दुसऱ्याच कार्टूनचा, अंतराळातल्या रॉबिन हूडचा, जवळजवळ अख्खा एपिसोड उचलला आणि रॉबिन हूडच्या जागी स्पायडरमॅन चिकटवला. न्यूयॉर्कचा पोरगा अचानक कुठल्यातरी भलत्याच मितीत जाऊन रंगीत भुतं बघतोय, का, तर ती चित्रं तयार होती.

हॅना-बार्बेराचं पण तेच गणित. त्यांचे प्राणी बघा, योगी अस्वल अंगात कपडा नाही पण गळ्यात कॉलर आणि टाय. ते फॅशन म्हणून नाही, कॉलरच्या रेघेवर मुंडकं वेगळं करता येतं, खाली धड तसंच ठेवायचं आणि वर नुसतं तोंड हलवायचं. काटकसर आहे ती, आणि हुशारीची आहे, मी नावं ठेवत नाही. दर आठवड्याला माल द्यायचा, बजेट तुटपुंजं, अशात त्यांनी जे केलं ते केलं. आम्हाला पण दिवाळीच्या ऑर्डरीला हेच करावं लागतंय.

म्हणून त्या गृहस्थांना एवढंच म्हणणं आहे, आपली कार्टून आवडत असतील तर आवडू द्या, मला पण आवडतात, काल रात्री पुतण्या झोपल्यावर मी एकटा बसून अजून दोन भाग बघितले. पण त्यात लॉजिक होतं म्हणून आजच्या पोरांना ऐकवू नका, पोरं बघायला बसली तर आपलीच पंचाईत होते. आणि माझं पोरगं, म्हणजे पुतण्या, शाळेत एवढे प्रश्न विचारत नाही जेवढे त्या बादलीवरून विचारले.

तर संपादक साहेब, एक विनंती. रविवारच्या बालपुरवणीत शब्दकोड्याखाली बरीच जागा मोकळी असते. तिथं पोरांकडून जुन्या कार्टूनमधल्या चुका मागवा, "पण असं कसं?" असं काहीतरी नाव द्या. दर आठवड्याला चांगला प्रश्न काढणाऱ्याला एक शेंगाचटणीची बरणी आणि एक टॉवेल मी स्वतःच्या खर्चानं पाठवतो. टॉवेल गळ्याला बांधून गच्चीवर जायचं नाही, एवढी अट मात्र ठळक छापा.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर